दाढोबाचा पाव

बेकरीच्या मागच्या पायरीवर ठेवलेला पाव आजही तसाच होता. मुंग्या लागल्या होत्या. मावशीने तो उचलला आणि पुढे दुकानात आली.

"दाढोबा आजही आला नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"येईल. वेड्याला कसला आलाय वार नि वेळ?"

दाढी छातीवर, केस खांद्यावर, मधे दिसेल तेवढं नाक, असा तो दाढोबा. किती वर्षं पायरीवर येत होता, मावशीलाही आठवत नव्हतं. कुणीतरी मागावर आहे, दाढी काढली की ते आपल्याला ओळखतील, असं पाव खाताखाता पुटपुटायचा. ते कोण, त्याचं त्यालाच ठाऊक. मावशी बजावायची, "अरे, जरा माणसात ये. मग पुढच्या दाराने येत जा, खुर्चीवर बसवून चहा देईन." पालथ्या घड्यावर पाणी.

तिला राहून राहून त्या गर्दीच्या दिवसाचं वाईट वाटत होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक टकल्या तर खुर्ची अडवून, काही न मागता नुसता हसत बसलेला. त्याला तिनेच हाताला धरून बाहेर काढलं. त्या धांदलीत पायरीकडे बघायचं राहूनच गेलं. तेव्हापासून पाव तसाच.

पाव न्यायला हॉस्पिटलच्या शवागारातला माणूस आला, तेव्हा तिने त्यालाही विचारलं.

"थंडीने गेलेले दोघे आहेत, रस्त्यावरचेच," तो म्हणाला. "येऊन बघा. दुपारी गाडी नेते. ज्याचं कोणी नाही, त्याला बाकी बेवारशांबरोबर एकाच खड्ड्यात पुरतात."

"त्याचं कोणी नाही कसं? मी आहे ना," मावशी म्हणाली आणि शाल गुंडाळून निघाली.

पहिला म्हातारा होता. दुसऱ्याच्या तोंडावरची चादर तिने स्वतःच काढली. बारीक कापलेलं डोकं, हनुवटीवर नुसते खुंट, कोवळा चेहरा. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. गिऱ्हाईक असेल.

मावशीचा जीव भांड्यात पडला.

"नाही, हा आमचा नव्हे."

"नीट बघा. नंतर काही करता येत नाही."

"नीटच बघितलं. कुणाच्या पोटचा आहे बिचारा, देव जाणे." तिने चादर परत सारखी केली.

बेकरीत परतल्यावर तिने मागच्या पायरीवर ताजा पाव ठेवला आणि पुढच्या दारात आली. समोरून हॉस्पिटलची गाडी गेली. शेजारचा न्हावी सासुरवाडीहून आजच परतला होता, दुकानाचं दार उघडत होता.

"काय मावशी, बसवलंत का खुर्चीवर?"

"कुणाला?"

"दाढोबाला. मी गावी जायच्या आदल्या दिवशी आपल्या पायांनी आला. म्हणाला, काढ सगळं, मावशीने पुढच्या दाराने बोलावलंय. अहो, दाढीखाली पोरगंच निघालं की. आरशासमोरून उठेचना. सारखं एकच विचारत होता, आता मावशी ओळखेल ना?"