भिकाजीच्या घराचं गिऱ्हाईक

माणसाला रीत म्हणून नव्हती. भिकाजीचं घर विकत घ्यायला आलेला, कधीचा परड्यात फिरत होता, पण शेजारी कोण राहतं म्हणून एक हाक नाही. आधी खिडक्यांचे गज हलवून बघितले. मग मागच्या दाराला खांदा लावून बघितला. आता टेप लावून मधला गडगा मोजत होता. कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, मधे माणूस जाईल एवढी वाट. पलीकडे दोन हातांवर सावित्रीकाकी कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती, ती काही त्याला दिसली नाही. चोरानंसुद्धा इकडंतिकडं बघितलं असतं.

"टेप पुरत नसेल तर दोरी देऊ काय?" काकीनं विचारलं.

तो दचकला. तिशीतला असेल. काकीचे हात मनगटापर्यंत लाल झालेले, त्यांच्याकडेच तो आधी बघत राहिला.

"नमस्कार आजी. मी रितेश. घर बघायला आलोय."

"काकी म्हणा. आजी म्हणायला माझी नातवंडं आहेत. कुठचे तुम्ही?"

"मूळचे दापोलीकडचे. सध्या चिपळूणला भाड्यानं राहतो. मी बोटीवर असतो, काकी. पुढच्या आठवड्यात जायचंय, ते एकदम दिवाळीनंतर येणार. इथं बायको आणि मुलगी, दोघीच. आत आहेत बघा." त्यानं घराकडे मान वळवली. बायको आत स्वयंपाकघर बघत होती. मग त्यानं आवाज खाली आणला. "म्हणून विचारतो. इथं चोऱ्या किती होतात?"

"किती पाहिजेत?"

"तसं नाही. मोबाईलवर रत्नागिरीचे गुन्ह्यांचे आकडे मिळतात. या वाडीचं काहीच मिळत नाही."

"आमचं कोण लिहितंय." काकीनं रातांबा फोडला, बिया एकीकडे, साल एकीकडे. "झाली की चोरी. शिमग्यात पोरांनी माझी शिडी पळवून होळीत घातली. मोडकीच होती. शिव्या मात्र मी नव्या शिडीच्या दिल्या."

रितेश हसला नाही. चौकी किती लांब, रस्त्याला दिवे आहेत का, अंधार पडल्यावर कोण येतं-जातं, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, हा गडगा पाडून उंच भिंत घालणार, वर काचा लावणार, चारी कोपऱ्यांना कॅमेरे बसवणार.

"माझ्या बाजूनंपण भिंत?"

"सगळीकडून, काकी. तिकडं पाण्यावर मला झोप लागली पाहिजे."

हे तो खरं बोलला. काकीला ते कळलं, म्हणून तोंडाशी आलेलं तिनं गिळलं.

तेवढ्यात बायको मागच्या दारात आली. "अहो, चिमी तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? दीपाली, ती तुझ्याबरोबर आत होती ना?"

टेप त्याच्या हातातून पडली. तो विहिरीकडे धावला. भिकाजीच्या विहिरीला कठडा आहे, पण गुडघ्याएवढा. दीपाली रस्त्याकडे धावली. दोघंही हाका मारत होती आणि हाकेगणिक आवाज फाटत होता.

"विहिरीत काय वाकतोस," काकी म्हणाली. "तू खिडक्या हलवत होतास तेव्हाच माझ्या समोरनं गेली ती वर. मी काय आंधळी बसलेय इथं?"

ती उठलीसुद्धा नाही. नुसती मान मागे टाकून तिनं हाळी दिली, "शमीम गो, पिवळ्या फ्रॉकची पोर कुठवर पोचली?"

केळींच्या पलीकडून उत्तर आलं. "माझ्याकडं बिस्कीट घेतलंन नि गेली पुढं, काकी. जनीकडं बघ."

मग त्याच्याही वरून, आंब्यांमागून, जनी ओरडली. "हय हाय, माझ्याकडं. मांजरीची पिल्लं बघत बसलीय. आणि बापाला सांग, गाडी उताराला लावून गेलाय. आमच्या दादूनं चाकाखाली दगड दिलाय, तो काढल्याबिगर चालू करू नको म्हणावं."

दीपाली गडग्यातल्या वाटेनं शिरली, काकीच्या रातांब्यांच्या ढिगावरून उडी मारून तशीच वर पळाली. रितेश कठड्याला धरून वाकलेलाच राहिला.

"बस," काकी म्हणाली. "गडगा हा, बोट नाय. हलायचा नाय."

तो येऊन गडग्यावर बसला.

दीपाली आली ती पोरीला कडेवर घेऊन. मागून शमीम पाण्याचा तांब्या घेऊन, तिच्यामागून जनी, आणि जनीच्या ओच्यात एक पिल्लू, कारण पोर त्याला सोडून यायला तयार नव्हती. दीपालीचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन ती, कोणी न सांगता, काकीजवळ खाली बसली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "भिंत घालायचीच तर रस्त्याच्या बाजूला घाला. इकडं नको."

रितेशनं वाटेकडे बघितलं, मग चौघींकडे. पोर पिल्लाला बिस्कीट चारत होती.

"काकी," तो म्हणाला, "खरं सांगा. दोघींना इथं ठेवून जाऊ ना? काही धोका नाही?"

काकीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं.

"खुशाल जा," ती म्हणाली. "दोघी आता आमच्या झाल्या. अनोळखी म्हणशील तर वाडीत तू एकटाच. सुट्टीवर येशील तेव्हा ठेवू तुझ्यावर लक्ष."