कंबरभर पाण्यात

फैजपूरला माहेरच्या विहिरीत केळीचं खोड छातीशी धरून नूतन पोहायला शिकली होती. वयात आल्यावर आईने विहिरीवर जाणं बंद केलं. शिरपूरच्या सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सातपुड्यातल्या सहलीत पुरुष धबधब्याखाली डुंबत होते, बायका काठावर भरिताची वांगी भाजत होत्या. "ये, मी धरतो," कंबरभर पाण्यातून नवरा म्हणाला. ओढणी खोचून ती उतरली. त्याने मनगटं धरली. तिने अंग सैल सोडताच पाय तरंगले. धबधबा चार हात मारण्याइतका जवळ होता. "हात सोडा ना," ती म्हणाली. "येडी का? बुडशील." "मला पोहता येतं." तो हसला, काठाकडे पाहून ओरडला, "माय, हिले पव्हता येस म्हने!" "मंग भरीत कोन करी?" सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. नवऱ्याने मनगटं आणखी आवळली. पाण्याखाली तिचे पाय हलत राहिले.