फाटकावरचा काळा दोरा

ज्या वर्षी विल्फ हारबॉटलच्या धाकट्या मुलीचं, डोरीनचं, लग्न झालं, त्या १९६५ सालच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी विल्फ आपल्या बागेच्या फाटकाशी वाकून उभा होता. गुडघ्याच्या उंचीवर त्याने बांधलेला काळा दोरा शाबूत होता. कुंपणाची तार कुठे वाकली नव्हती. आणि आत, लीकच्या वाफ्यातली माती कुणीतरी हाताने भुसभुशीत करून ठेवली होती.

हे चौथ्यांदा झालं होतं.

खाणीमागच्या टेकाडावर अशा चाळीस बागा होत्या. बटाटे, कोबी घरी खायला. लीक मात्र खायला नव्हते. कांद्याच्याच जातीचं ते पीक. पांढरा दांडा मनगटाहून जाड करायचा, सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी खाणकामगारांच्या क्लबातल्या प्रदर्शनात मांडायचा, आणि पहिला येईल त्याने वर्षभर मान ताठ ठेवायची. म्हणून तिथे चोऱ्या होत, आणि चोरीहून वाईट तेही होई. आदल्या वर्षी प्रदर्शनाला पाच दिवस उरले असताना तीन बागांतले लीक कुणीतरी सुरीने उभे चिरून ठेवले. एकही नेला नव्हता. चिरणारा सापडला नाही. खाणीत कुणाच्या तरी शेजारी बसून तो रोज डबा खात असणार.

विल्फच्या बागेत येणारा काही चिरत नव्हता. तो गोगलगाई वेचत होता. तण उपटत होता. विल्फला त्याचीच जास्त धास्ती वाटे. इतक्या मायेने हात फिरवणारा शेवटी काय करील, याचा नेम नव्हता.

तसं जुलैपासून सगळंच चमत्कारिक चाललं होतं. पोटाचं ऑपरेशन झालं, अल्सर होता, आता आराम करा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून तो क्लबात शिरला की बोलणं थांबायचं. पूर्वी कुणीतरी हमखास ओरडायचा, "काय रे विल्फ, यंदा लीक लावलेस की काडेपेटीतल्या काड्या?" आता गुमान खुर्ची पुढे करत. घरी त्याने बिछान्यात पाइप ओढला तरी बायको, हिल्डा, काही म्हणत नसे.

प्रदर्शनाच्या आठवड्यात, सोमवारी दुपारच्या जेवणानंतर हिल्डा नेहमीसारखी म्हणाली, "पड जरा." तो पडला, डोळे मिटले. ती बाहेर गेल्यावर उठला, बागेत आला, आत शिरून दोरा पुन्हा बांधला आणि अवजारांच्या खोपीत कुदळीचा दांडा घेऊन बसला.

दोनच्या सुमारास समुद्रावरून धुकं चढलं. आधी कुंपण गेलं, मग कोबी. बंदरातला भोंगा दर मिनिटाला कण्हत होता. दोन भोंग्यांच्या मधे फाटकाशी कुणीतरी श्वास घेतला. दोरा तुटला नाही. कुणीतरी शांतपणे त्याची गाठ सोडत होतं.

धुक्यातून एक आकृती आली आणि सरळ खोपीच्या दारासमोरच्या लीकपाशी गुडघे टेकून बसली. सुरीचं पातं उघडल्याचा आवाज आला. मग विल्फला तोंड दिसलं. मॅटी रटर. दोन बागा पलीकडचा. एकोणीस वर्षं पहिल्या नंबरासाठी त्याच्याशी वैर.

मॅटीने सर्वांत जाड लीकच्या बुडाशी सुरी नेली. विल्फने दांडा उगारला. सुरी हलकेच फिरली, आणि बाहेरचं एक कुजलेलं पान तेवढं सुटून आलं. तान्ह्या पोराचं नख काढावं तसं. मॅटीने ते पान खिशात घातलं.

"मॅटी."

मॅटी दचकला, पण उठला नाही. "झोपला असशील, असं हिल्डा म्हणाली होती."

"दोऱ्याचं कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच. जाताना परत बांधतो मी. पण तुझी ती गाठ म्हणजे, लेका, घाम काढते."

"कधीपासून येतोस?"

"तुला इस्पितळातून आणलं त्या रविवारपासून. मी एकटाच नाही. आळीपाळीनं सगळेच येतो."

भोंगा वाजला. विल्फने दांडा भिंतीला टेकवला आणि पालथ्या बादलीवर बसला. मॅटीच्या हातांना लागलेली माती ओली, चिकट होती.

"पाणी जास्त घालतोयस," तो म्हणाला. "मुळं कुजतील."

"मला शिकवतोस? सात वेळा हरवलंय तुला."

"सहा. आणि ऐक, मॅटी. शनिवारी माझ्यासाठी मुद्दाम तुझे बारके मांडलेस, तर याद राख."

"तुझ्यासाठी? मी काय खुळा आहे?"

"तेवढंच पाहिजे होतं मला," विल्फ म्हणाला. "आता तो दोरा बांध. नीट."

चोर आणि चिरणारे सोडले, तर त्या गावात दुसऱ्याच्या लीकला कुणी बोट लावत नसे. सख्खा भाऊसुद्धा नाही. हात लावायची मुभा एकाच प्रसंगी होती. लीक लावणारा माणूस गेला, की त्याचे वैरी त्याचं पीक सांभाळत आणि प्रदर्शनात त्याच्या नावाने मांडत. विल्फने स्वतः असे तीन जणांचे लीक सांभाळले होते.

शनिवारी मॅटीचे लीक पहिले आले आणि विल्फचे दुसरे. विल्फ हारबॉटल त्याआधी दोन दिवस, गुरुवारी सोळा सप्टेंबरला, दुपारी अडीच वाजता वारला.