सारसाचे पाय

थोरल्या मुलीचं लग्न उरकलं त्या साली, १९६२ च्या आषाढात, सहदेव घरातल्या भिंतीवर पुन्हा एकदा सारस काढत होता. भिंत पांढऱ्या मातीनं सारवलेली. हातात कापसाच्या पऱ्हाटीचा कोळसा. धाड गावच्या बाजारात नवं गोदाम झालं होतं आणि त्याच्या दारावरच्या उंच भिंतीवर मोठा सारस हवा होता. पोळ्याआधी जमलं नाही, तर सरपंच भगवंतराव खामगावहून पेंटर आणणार होते. आजवर सहदेवनं बैलांची शिंगं आणि दुकानांच्या पाट्याच रंगवल्या होत्या.

भिंतीला लागून आईची खाट. खुबा मोडल्यापासून सत्यभामाबाई पडूनच होत्या.

"हा सारस हाय का कुडुक कोंबडी बे? पाय कुठी हायेत त्याचे?"

"तू पडून पाहून राह्यली, माय. उभ्यानं पाह्य, मंग बोल."

बोलून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं. त्यानं ओल्या फडक्यानं भिंत पुसली. परत काढला. परत तीच कोंबडी. शेवटी चिडून त्यानं बांबूसारखे पाय ओढले आणि मोटेच्या नाड्यासारखी मान. उभ्यानं पाहिलं तर नुसतं सोंग दिसत होतं.

आई बराच वेळ पाहत राहिली.

"आता उभा झाला," ती म्हणाली आणि कूस वळवली.

सहदेवनं कोळसा चुलीत फेकला.

श्रावण अर्धा सरल्यावर त्यानं गोदामाला मचाण बांधलं. स्वतःच्या मापानं कोळशाचा सारस रेखला. खालून भगवंतरावांनी मान वर केली.

"सहदेव, कोंबडी काऊन बसवली रे अंड्यावर?"

तो खाली उतरला. वर पाहिलं. पाय खरंच आखूड दिसत होते. तो तडक घरी आला. भिंत कोरी पांढरी होती.

"इथचं चित्र?"

"मायच्या दहाव्याले घर सारवलं ना," बायको शालूबाई म्हणाली. "सुतकाचं कसं ठेवू?"

सहदेवनं चुलीतला एक विझका कोळसा तिच्या हातात दिला. खाट होती त्या जागी जमिनीवर तो उताणा झोपला.

"मी खालून सांगतो. तू पाय ओढ."

"मले कुठी येते?"

"लंबे ओढ. अजून लंबे."

पोळ्याआधी गोदामावर सारस उभा झाला. सत्यभामाबाई त्याआधीच, नागपंचमीच्या आदल्या दिवशी वारल्या होत्या.