काचेवरची वाफ

दुपारचे तीन वाजले होते आणि रेकॉर्ड रूममधल्या बाई स्कॅनरचा ड्रायव्हर चौथ्यांदा टाकत होत्या. पाय भरून आले होते, डोळे चुरचुरत होते. उरलेल्या फायली आज स्कॅन झाल्या तरच उद्यापासून रजा मिळणार होती, आणि तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते.

त्यांनी तीनशे डीपीआय ठेवलं, रंगीतऐवजी काळं-पांढरं निवडलं, कडा आपोआप ओळखण्याचा पर्याय बंद केला. मग रिकाम्या काचेचा प्रिव्ह्यू घेतला. पुन्हा तोच करडा डाग. सकाळी तळहाताएवढा होता, आता काचभर पसरला होता.

"ताई, काच पुसून बघा की," स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून दुरुस्तीवाला म्हणाला.

"अहो दादा, सकाळपासून दुसरं काय करतेय? हात मोडून आले माझे."

तरी त्यांनी झाकण उघडलं आणि सवयीप्रमाणे उजव्या कोपऱ्यापासून गोल गोल फडकं फिरवलं. डाग तसाच राहिला. वाकून पाहिलं, तर ती वाफ होती. आरशाजवळ तोंड नेलं की धरते तशी.

"वाफ धरलीय हो."

"मग ती आतून असणार. मशीन खोलावं लागेल. उद्या माणूस पाठवतो."

"उद्या नको," बाई रडकुंडीला आल्या. "आजच पुसून द्या हो कुणीतरी."

काचेखाली, उजव्या कोपऱ्यापासून, वाफ गोल गोल पुसली जाऊ लागली.