तुमचा नंबर किती?

लेक चष्मे बनवणारी, भेटायला आलेला मुलगाही चष्मे बनवणारा. शिकले मात्र वेगवेगळ्या देशांत. दोघांना खोलीत बोलायला सोडलं, तर लगेच जुंपली.

"आमच्याकडे तीन वर्षं शिकून परीक्षा दिल्याशिवाय लायसन्स मिळत नाही," तो म्हणाला.

"आमच्याकडे लागतच नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसला की पास!"

दाराला कान लावलेल्या आईचा जीव टांगणीला. आधीची स्थळंही कार्टीच्या जिभेपायीच परतली होती.

मग मुलगा हळूच म्हणाला, "बरं, तुमचा नंबर किती?"

आईने कपाळावर हात मारला. अजून चष्म्यातच अडकलाय मेला!



लेक नंबर सांगू लागली आणि आई दाराआड नाचायलाच लागली. एवढा लांबलचक नंबर जगातल्या कुठल्याच चष्म्याला नसतो!