न डसणारी अवलाद

निजाम जाऊन दहा वर्षं झाली, पण देशमुखांचा दम तसाच होता. लिंबाजीनं बांधावर मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या तेव्हा ते म्हणाले होते, "एक जरी माशी डसली, तर पेट्या जाळीन."

म्हणून लिंबाजीनं पाच वर्षं एकच काम केलं. ज्या पेटीतल्या माश्या डसायच्या, तिची राणी नखानं चिरडायची आणि सगळ्यात गरीब पेटीतल्या अळीपासून वाढवलेली नवी राणी तिथं बसवायची. बायको पारूबाई करवादायची, "आवो, डंखच काढला तर ती माशी कशाची? चिलट की!"

यंदा मोहोराच्या दिवसांत देशमुख गाडी घेऊनच आले. "मोहोर माझ्या आमराईचा, मंग माशा तुझ्या कशा?"

गडी पेट्या गाडीत चढवायला लागले तसा लिंबाजी पिसाळला. पेट्यांवर बुक्क्या घालत ओरडला, "आगं, डसा की! आज तरी डसा, माय माझे!"

माश्या उठल्या, देशमुखांच्या मनगटावर जरा टेकल्या आणि उडून गेल्या.

देशमुख हसले. "लय गुणाची अवलाद केलीस, लिंब्या. धर, ही शेवटची जड हाय."

लिंबाजीनं धरली.